स्कोप हातातून काढून घेतला जातो तेव्हा

प्रश्न : मॅडम, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या, म्हणजे पोटाच्या आणि पचनाच्या विकारांच्या फेलोशिपला येऊन मला नऊ महिने झाले. मेडिसिन करत होते तेव्हा राउंडला अवघड प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघायचे. इथे मात्र रोज हरल्यासारखं वाटतं. लॉगबुकात 112 कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्यात स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, घालून केलेल्या तपासण्या) आहेत. त्यातल्या निम्म्यासुद्धा मी स्वतःच्या हाताने सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत, नेलेल्या नाहीत. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या लगेच पुढच्या वाकड्या भागात अडकते, पाच मिनिटं जातात, मग सर काही न बोलता स्कोप घेतात आणि दोन मिनिटांत पार होतात. माझ्याबरोबरचा फेलो आता ईआरसीपीला (स्कोपमधून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवर करायच्या प्रोसिजरला) उभा राहायला लागलाय. मागच्या आठवड्यात मी स्कोप ढकलत असताना एक बाई कळवळल्या, ‘बास करा’ म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. स्कोपिंग सोडून फक्त लिव्हरकडे वळू का? आणि हे सरांना कसं सांगू? (डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हल्ली दुखतं, पण ते चालायचंच.)

उत्तर : माझ्या विद्यार्थिनी मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना अगं-तुगं करते, म्हणून तुलाही तसंच लिहिते.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. आत्ता सोडू नकोस. पुढे कधी लिव्हरकडे गेलीस तर आनंदाने जा, पण 112 केसेसच्या जोरावर हा निर्णय घेऊ नकोस, कारण एवढ्यावर कुणाच्याच हाताबद्दल काही सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे तीनशे शिकाऊ एंडोस्कोपिस्टांच्या नोंदी तपासून 2014 मध्ये एक अभ्यास छापून आला. दहापैकी नऊ वेळा सीकमपर्यंत पोचायला तिथल्या मुलामुलींना सरासरी 233 कोलोनोस्कोपी लागल्या होत्या. त्याआधी 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हाताची आणि डोक्याची अशी दोन्ही कौशल्यं मोजली, तेव्हा फेलोंना बरी पातळी गाठायला सरासरी 275 केसेस लागल्याचं दिसलं. पूर्वी 140 झाल्या की पुरे असं मानलं जायचं. त्या आकड्याने कित्येकांना उगाच अपराधी वाटायला लावलंय. तू अजून अर्ध्या वाटेवरसुद्धा नाहीस, आणि अर्ध्या वाटेच्या आधी निम्म्या वेळा अडकणं यात मला काहीच वावगं दिसत नाही.

तरीपण नुसते आकडे सांगून तुझं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. तू अडकतेस त्या जागेबद्दल बोलूया.

सिग्मॉइड एका पातळ पडद्यावर, मेसेंटरीवर, मोकळं झुलत असतं. त्याला पोटाच्या भिंतीचा आधार नाही. तू ढकलतेस तेव्हा स्कोप पुढे सरकायच्या ऐवजी त्या सैल आतड्यालाच वर उचलतो आणि वेटोळं पडतं. दांड्यावरच्या, म्हणजे स्कोपच्या लांब नळीवरच्या खुणा सांगतात की साठ सेंटिमीटर आत गेलं, पण स्क्रीनवरचं चित्र जागचं हलत नाही. कधी तर तू ढकलतेस आणि चित्र मागे येतं. नेमकं त्याच वेळी हात म्हणतो, अजून थोडा जोर लाव. तिथेच थांबायचं. स्कोप मागे घे, मागे घेताना दांडा सावकाश घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळ, आतली हवा ओढून घे. बहुतेक वेळा वेटोळं याच दिशेने सुटतं. आणि मग मागे ओढता ओढता चित्र पुढे सरकायला लागतं. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने होतं ना, तेव्हा अंगावर काटा येतो. मला अजून तो दिवस आठवतो.

वेटोळं सुटलं की नाही हे उजव्या हाताला विचारायचं. एक सेंटिमीटर ढकलल्यावर चित्रही तेवढंच पुढे गेलं तर दांडा सरळ आहे. हात जड लागतोय, सोडल्यावर स्कोप आपोआप बाहेर सरकतोय, तर वेटोळं अजून आहे. सरळ स्कोपवर सीकम साधारण 70 ते 80 सेंटिमीटरवर लागतं. तू 120 सेंटिमीटर आत असशील आणि अजून हिपॅटिक फ्लेक्शर, म्हणजे लिव्हरखालचं वळणच दिसत असेल, तर जास्तीचे सेंटिमीटर कुठे गेले हे तुला ठाऊक आहे. पेशंटला कुशीवरून पाठीवर घेणं, नर्सला पोटावर नेमक्या जागी हाताने आधार द्यायला सांगणं, हवेऐवजी थोडं पाणी भरत पुढे जाणं, या सगळ्यामागे एकच विचार असतो : सैल आतडं ताणू द्यायचं नाही. तुझे सर दोन मिनिटांत पार जातात तेव्हा ते तुझ्यापेक्षा कमी ढकलतात. पुढच्या वेळी स्क्रीनकडे न बघता त्यांच्या उजव्या मनगटाकडे बघ.

आता ते न बोलता स्कोप घेतात त्याविषयी. यात तुझा जितका दोष तू मानतेस तितका नाही. वीस वर्षं स्कोप केलेल्या माणसाच्या हाताला सगळं येतं, पण आपण नक्की काय करतो हे त्याला शब्दांत सांगता येतंच असं नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस विचारावं, तसं होतं ते. शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि ते फार थोड्यांना कुणी शिकवलेलं असतं. मी फेलो होते तेव्हा माझ्या एका वरिष्ठांनी सुरुवातीचे दोन महिने माझ्या हातातून असाच मुकाट्याने स्कोप घेतला. मी बाजूला उभी राहून स्वतःला नालायक ठरवत राहिले. एक दिवस त्यांनी तोंड उघडलं, ‘उजवीकडे फिरव’ म्हणाले. मी स्कोपच्या मुठीवरचं, टोक डावी-उजवीकडे वळवणारं छोटं चाक फिरवलं. त्यांना दांडा पिळायला हवा होता. ते चिडले, मी रडवेली झाले आणि टेबलावरच्या माणसाला उगाच दोन मिनिटं जास्त त्रास झाला. एका शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला होता, आणि तो आधी ठरवून घ्यावा हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

म्हणून हे लिस्ट, म्हणजे दिवसाच्या केसेस, सुरू व्हायच्या आधी कर. पेशंट टेबलावर असताना नको, आणि सर चहाला निघालेत तेव्हा दारातही नको. सकाळी पाच मिनिटं माग. सांग, ‘सर, मला सिग्मॉइडमध्ये वेटोळं पडलेलं ओळखता येतं, सोडवता येत नाही. आज पहिल्या दोन केसमध्ये मी तेवढंच करून बघू का? पुढे सरकले नाही तर किती मिनिटांनी स्कोप तुम्हाला देऊ? आणि घेतल्यावर काय केलंत ते मला बोलून दाखवाल का?’ शब्दही ठरवून घ्या. चाक वर, चाक खाली, दांडा उजवीकडे, मागे घे, थांब. एवढे पाच-सहा शब्द दोघांच्या डोक्यात एकाच अर्थाचे असले की निम्मं काम होतं. तू धडपडत असताना ते एकामागून एक सूचना देत असतील, तर तेही तुझ्या कानात शिरणार नाही. माणसाच्या चालू स्मृतीला एका वेळी फार थोडं पेलतं. जॉन स्वेलर यांनी 1988 पासून शिकण्यावरच्या या ओझ्याबद्दल लिहिलंय आणि एंडोस्कोपी रूममध्ये ते रोज दिसतं. हात थांबव, मग ऐक, मग पुन्हा हात चालव. ‘सर, एक सेकंद थांबून ऐकते’ असं म्हणणारा फेलो कुठल्याही शहाण्या शिक्षकाला आवडतो.

आणि स्कोप काढून घेतला जायची वाट बघू नकोस, तो तू आपणहून दे. ‘सिग्मॉइडमध्ये वेटोळं वाटतंय, दोनदा मागे घेऊन पिळून पाहिलं, पाठीवरही घेतलं, सुटत नाही. तुम्ही घ्या.’ हे वाक्य ज्या फेलोला नीट म्हणता येतं, तिला कुठे आहे, काय झालंय आणि काय करून झालंय हे तिन्ही कळलेलं असतं. मी परीक्षक असते तर या वाक्याला सीकम गाठण्याइतकेच मार्क दिले असते.

आता ज्याच्यासाठी मला हे उत्तर लिहावंसं वाटलं ते. तुझ्या अख्ख्या पत्रात आत जाण्याबद्दल लिहिलंयस, बाहेर येण्याबद्दल एक ओळ नाही. कुठपर्यंत पोचले, किती मिनिटांत पोचले, निम्म्या वेळा पोचले नाही. अगं, पेशंट आपल्याकडे सीकम गाठायला येत नाही. 1969 मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली गाठ, काढायला सुरुवात केली. तोवर आतड्यात वरच्या बाजूला असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं. कॅन्सर व्हायच्या आधी ती गाठ शोधून काढून टाकायची, या एका गोष्टीमुळे हा स्कोप एवढा मोलाचा झाला. आणि गाठ सापडते ती बाहेर येताना.

2006 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बारा अनुभवी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टांच्या 7,882 कोलोनोस्कोपी बघितल्या होत्या. बाराही जण मुरलेले, सीकमपर्यंत सहज जाणारे. पण काही न सापडलेल्या केसमध्ये बाहेर यायला कुणी सरासरी तीन मिनिटं घेत होता, तर कुणी सोळाच्या वर. सहा मिनिटं किंवा जास्त वेळ घेणाऱ्यांना 28.3 टक्के लोकांमध्ये गाठी सापडल्या, घाईत बाहेर येणाऱ्यांना 11.8 टक्क्यांमध्ये. एकाच गटातले डॉक्टर आणि एवढा फरक. पुढे 2014 मध्ये तीन लाखांहून जास्त कोलोनोस्कोपींच्या अभ्यासात दिसलं की डॉक्टरचा अॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) सापडण्याचा दर एका टक्क्याने वाढला की त्याच्या पेशंटांना नंतर आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी होतो. 2024 च्या अमेरिकन शिफारशींमध्ये बाहेर येण्याचा सरासरी वेळ आठ मिनिटांवर नेलाय तो यामुळेच. आता सांग, तुझ्या एंडोस्कोपी रूममध्ये कोण किती लवकर आत जातं याची चर्चा होते, तशी कुणाला किती सापडतं याची होते का?

म्हणून सरांना आणखी एक माग. ज्या केसमध्ये ते सीकमपर्यंत नेतील, त्यात बाहेर येताना स्कोप तुझ्या हातात असू दे. ते शेजारी उभे राहून बघतील आणि तू सावकाश येशील. माझ्या दुसऱ्या एका शिक्षिकेने मला महिनाभर असंच केलं होतं आणि माझा हात तिथेच वळला. बाहेर येताना टोक कसं वळतं, दांडा किती पिळला की चित्र किती फिरतं, हे सगळं तुला घाई नसताना, पेशंटला दुखत नसताना कळत जातं. तेच पुढे आत जाताना कामाला येतं.

बाहेर येताना काय बघायचं तेही सांगते, कारण ‘नीट बघ’ याला काही अर्थ नाही. प्रत्येक घडीच्या पाठीमागे टोक वळवून बघ. ती घडी दाबून खाली घे, मागची बाजू दिसली की मगच पुढची घडी. डबकं साचलं असेल तर ओढून घे, मळ असेल तर धू. उजव्या कोलनमध्ये जरा जास्तच रेंगाळ, तिथून दोनदा ये. एखादा सपाट सेरेटेड (दातेरी) पॉलिप तिथे पिवळसर चिकट थराखाली लपलेला असतो. घाईत तो थर मळ वाटतो. पाण्याचा फवारा मारलास की खाली एक पुसट कड दिसते, आणि बारीक रक्तवाहिन्यांची जी जाळी सगळीकडे दिसत होती ती नेमकी तेवढ्याच जागी गायब झालेली असते. ती तुटलेली जाळी ओळखायला ताकद लागत नाही, लागते ती नजर आणि चिकाटी. मेडिसिनमध्ये सगळे तुझ्याकडे बघायचे ना? का बघायचे? इतरांच्या नजरेतून सुटलेलं तुला दिसायचं म्हणून. तो गुण इथे फुकट गेलेला नाही, तू अजून त्याला कामाला लावलेलं नाहीस.

त्या बाईंबद्दल. तुला झोप लागली नाही हे वाचून मला तुझ्याबद्दल खात्री वाटली. पण अपराधीपणाच्या पुढे जा. कोलनला आतून चिमटा घेतला तर माणसाला फारसं कळत नाही, बायोप्सी घेताना तू ते पाहतेसच. दुखतं ते आतडं फुगल्यावर आणि मेसेंटरी ताणली गेल्यावर. म्हणजे त्या कळवळल्या तेव्हा त्या तुला सांगत होत्या की वेटोळं पडलंय. दुखतंय म्हटल्यावर औषध वाढवायच्या आधी स्कोप मागे घ्यायचा. जास्त भूल देऊन तो आवाज बंद केला की तुझी एक मोठी खूण गेली, आणि ताण मात्र तसाच राहतो.

प्रोसिजरच्या आधी तू स्वतः पेशंटशी बोल. मी शिकणारी डॉक्टर आहे, वरिष्ठ पूर्ण वेळ शेजारी आहेत, दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन. हे ऐकायचा त्यांना हक्क आहे, नको म्हणायचाही आहे. अशा बोलण्याने लोक घाबरतात असं काही वरिष्ठ म्हणतात, माझा अनुभव उलट आहे. आणि ‘बास करा’ म्हटलं की बास. त्याक्षणी हात थांबला पाहिजे, पुढचं बोलणं नंतर.

लॉगबुकाबद्दल थोडंसं. 112 हा आकडा तुला काही शिकवत नाही. एक छोटी वही कर. प्रत्येक केसनंतर ग्लोव्ह्ज काढल्यावर लगेच तीन ओळी : कुठे अडकले, कशाने सुटलं, कुणी सोडवलं. ‘सिग्मॉइड, तीनदा ढकललं, सरांनी मागे घेऊन उजवीकडे पिळलं, पाठीवर घेतल्यावर स्प्लीनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं वळण) आपोआप आलं.’ वीस-पंचवीस नोंदी झाल्या की एका बसण्यात वाच. मला वाटतं तुला एकच जागा आणि एकच चूक पुन्हा पुन्हा दिसेल. बाहेर यायला किती मिनिटं लागली आणि काय सापडलं तेही लिही. सिम्युलेटर मिळत असेल तर तो अगदी सुरुवातीला उपयोगी पडतो. तू त्या टप्प्याच्या पुढे आहेस, आता त्यात फार वेळ घालवू नकोस.

बरोबरच्या फेलोचं म्हणशील, तर ईआरसीपीला उभं राहणं आणि ईआरसीपी येणं यात फार अंतर आहे. 1996 च्या एका अभ्यासात बरी पातळी गाठायला किमान 180 ईआरसीपी लागतात असं दिसलं होतं. सगळ्यांना थोडी थोडी ईआरसीपी दाखवायची आणि कुणालाच पुरती शिकवायची नाही, ही पद्धत मला पटत नाही. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, होऊ शकेल अशी प्रोसिजर अर्धवट हाताने करू नये. ज्याला ती करायची आहे त्याने त्यासाठी वेगळं वर्ष द्यावं. तुझं आत्ता तिच्यावाचून काही अडत नाही.

लिव्हरचा विचार मनात असेल तर तो मनापासून कर. सिरोसिसचा पेशंट वर्षानुवर्षं सांभाळणं, ट्रान्सप्लांटसाठी योग्य वेळ ओळखणं, हे सुंदर काम आहे. मात्र स्कोपपासून सुटका म्हणून तिकडे जाऊ नकोस. रक्ताची उलटी होत असलेला माणूस रात्री दोन वाजता येईल तेव्हा व्हेरिसेसवर, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर, बँड घालायला तुलाच उभं राहायचंय, आणि तिथे सिग्मॉइडपेक्षा वेळ कितीतरी कमी असतो. आणखी सहा महिने या पद्धतीने काम कर, वही भरत जा. त्यानंतरही लिव्हरचीच ओपीडी तुला सकाळी ओढून नेत असेल, तर सरांना खुशाल सांग, ‘मला हे जास्त आवडतं.’ ‘मला ते जमत नाही’ म्हणून सांगण्याची वेळ येईल असं तुझ्या पत्रावरून तरी मला वाटत नाही.

शेवटी कंसात लिहिलेल्या त्या अंगठ्याबद्दल. ‘चालायचंच’ असं लिहिलंयस, ते चालणार नाही. डाव्या अंगठ्याने दिवसभर मोठं चाक ढकलून त्याच्या मुळाशी स्नायूबंधाला सूज येते. डी क्वेर्व्हेन म्हणतात ती हीच. हात लहान असतील तर लवकर येते, कारण स्कोपची मूठ सगळ्यांसाठी एकाच मापाची बनवलेली असते. याच आठवड्यात ऑर्थोपेडिक्सच्या कुणाला तरी दाखव. तोवर टेबलाची उंची आधी बघ. सरांच्या उंचीला लावलेलं टेबल तुला चालणार नाही, ते तुझ्या कोपराच्या पातळीला किंवा त्याच्या किंचित खाली हवं. स्क्रीन अगदी समोर, नजरेच्या थोडी खाली. आणि जिथे उजव्या हाताने दांडा पिळून काम भागतं तिथे अंगठ्याने चाक दाबत बसू नकोस. टेबल खालीवर करायला दहा सेकंद लागतात. नर्सला प्रत्येक केसच्या आधी सांग, संकोच करू नकोस.